तीन बेडरूमचं लॅमिनेट फ्लोअरिंग: मजुरीचा दर कसा काढायचा?

रंधा
बाणेरला एका फ्लॅटमध्ये तीन बेडरूमला 8 एमएम लॅमिनेट (एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांचं फ्लोअरिंग) बसवायचंय. प्रत्येक खोली 10 बाय 12, एकूण 360 स्क्वेअर फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल आहे, ती काढायची नाही. माल ग्राहकाचा, आपली फक्त मजुरी. मोकळ्या हॉलला लावतो तोच दर इथे परवडेल का? लेव्हल, दरवाजे, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) दरातच धरायचं की वेगळं?

गुण्या
नाही परवडणार. आधी दिवस मोजा, मग खर्च, आणि फुटाचा दर सगळ्यात शेवटी. 360 फुटांचा मोकळा, चौकोनी हॉल मिस्त्री आणि हेल्पर एका दिवसात उरकतात. तेवढीच जागा तीन खोल्यांत आली की कोपरे तिप्पट, भिंतीलगतची उभी चिरायची ओळ तिप्पट, शिवाय तीन चौकटी आणि तीन टी-प्रोफाइल (दारातला सांधा झाकणारी पट्टी). दोन दिवस धराच.

समजा मिस्त्री 1200 आणि हेल्पर 700. दोन दिवसांचे 3800. टेम्पो-पेट्रोल 600, ब्लेड आणि किरकोळ 400, नंतर एकदा बघायला यावं लागतंच त्याचे 500. झाले 5300. त्यावर 25 टक्के चढवले की 6625, म्हणजे फुटाला 18 रुपये 40 पैसे. हॉलचं गणित: 1900, 600, 250, 500 मिळून 3250, वर 25 टक्के, फुटाला साधारण 11 रुपये 30 पैसे. तो दर इथे लावलात तर हातात 4068 येतील आणि खर्च 5300. सव्वा हजार खिशातून जातील. मजुरीचे आकडे तुमचे घाला, हिशोबाची रीत हीच ठेवा.

अजून एक. खर्चावर 25 टक्के चढवले तर बिलातला नफा 20 टक्केच असतो. बिलाच्या 25 टक्के हवे असतील तर 5300 ला 0.75 ने भागा, 7067 येतात.

पटाशी
लेव्हल आणि दरवाजे दरात घालूच नका. 2 मीटरची सरळ पट्टी टाइलवर सगळीकडे फिरवा. 3 एमएमपेक्षा जास्त फट दिसली की तिथे सेल्फ-लेव्हलिंग (पातळ मिश्रण ओतून सपाट करणं) करावंच लागतं. फळीखाली जाड फोम टाकून खड्डा झाकला तर चालताना फळी दबते, काही महिन्यांत फळ्यांच्या सांध्यातला लॉक तुटतो. लेव्हलिंगचा माल साधारण 1 चौरस मीटरला दर एमएम जाडीमागे 1.7 किलो लागतो. 5 चौरस मीटरचा, सरासरी 3 एमएम खोल भाग म्हणजे 25 किलोची एक गोणी. टाइल गुळगुळीत, त्यामुळे आधी प्रायमर. वाळायला वेळ जातो, तो दिवस वेगळा लावा.

दरवाज्यासाठी फळीचा तुकडा आणि फोम जमिनीवर ठेवून दार पूर्ण उघडून बघा. नुसतं चौकटीपाशी बघू नका, टाइल पुढे चढलेली असली तर दार तिथे अडतं. 8 अधिक 2 एमएम फोम, वर 3 एमएम मोकळी जागा, म्हणजे दाराखाली 13 एमएम हवेत. नसतील तर दार उतरवून कापायचं, दर नगावर. स्कर्टिंग रनिंग फुटावर: खोलीची परिमिती 44, दार वजा करून 41, वेस्टेज धरून 45, म्हणजे 8 फुटी सहा पट्ट्या. तीन खोल्यांना 18.

रंधा
बॉक्स ग्राहकच मोजून आणतोय. ठीक ना?

गुण्या
मोजून तुम्हीच द्या, लेखी. सरळ मांडणीला 7 टक्के वेस्टेज: 385 फूट. बॉक्समध्ये 1.6 चौरस मीटर असेल तर तो 17.2 फुटांचा, म्हणजे 23 बॉक्स, सगळे एकाच बॅचचे. हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी) असेल तर 12 ते 15 टक्के. कमी पडला आणि दुसऱ्या बॅचचा आला तर रंग वेगळा दिसतो.

पटाशी
बॉक्स त्याच खोलीत 48 तास आडवे ठेवायला सांगा. चारही भिंतींना 10 एमएमची फट सोडा, चौकटीखालीसुद्धा. एप्रिलच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेली फळी जुलैत फुगते आणि मधोमध उचलली जाते. ती फट सिमेंटने भरू नका, आणि स्कर्टिंगचे खिळे भिंतीतच जाऊ द्या, फळीत नाही.

सोसायटी दुपारी 2 ते 4 कटर चालवू देत नसेल तर दोनाचे अडीच दिवस धरा. दर देण्याआधी वॉचमनला विचारून घ्या.