शब्दचर्चा : फुटबॉलचा ‘फॅन’ म्हणजे चाहता की पाठीराखा?

प्रश्न : अंधेरीच्या स्टेडियमवर मुंबई सिटीच्या सामन्याला निळी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या पोरांना मराठीत काय म्हणायचं? बातम्यांत ‘चाहते’ लिहितात, ते फार मिळमिळीत वाटतं. आणि दोन क्लबांच्या पोरांत जी रायव्हलरी असते तिला ‘वैर’ म्हणावं का?

उत्तर : ‘चाहता’ नकोच. चाहता गायकाचा असतो, नटीचा असतो. त्याची आवड बदलली तर कुणी बोल लावत नाही. क्लब बदलणाऱ्याला मात्र मित्र वर्षानुवर्षं ऐकवतात. ‘समर्थक’ला राजकारणाचा वास येतो. मी ‘पाठीराखा’ वापरतो. मूळ अर्थानं पाठीराखा हा वरचढ असतो, जसा देव भक्ताचा किंवा भाऊ बहिणीचा. खेळाच्या पानावर तो गॅलरीत जाऊन बसला, म्हणून काहींना अर्थ उलटा झालासा वाटतो. मला तो चपखल वाटतो. संघ दोन गोलांनी मागे पडलाय, लोक गेटकडे निघालेत आणि एक जण ढोल थांबूच देत नाहीये. तो खेळाडूंची पाठच राखत असतो. इटलीत अशांना ‘टिफोझी’ म्हणतात. तो शब्द टायफस तापाच्या नावावरून आला. आपल्या शब्दात तापाऐवजी जबाबदारी आहे आणि मला ती जास्त आवडते.

निष्ठा ऐकायची असेल तर मात्र सर्वनामांकडे कान द्या. लोअर परळला रात्री लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेड सामना पडद्यावर लागतो. गोल झाला की लिव्हरपूलवाला शेजारच्याला मिठी मारून ओरडतो, ‘आपण जिंकतोय रे!’ आणि लगेच पलीकडच्या टेबलाकडे वळून, ‘आम्ही तुम्हाला धुणार आज!’ समोर युनायटेडवाला दिसला की ‘आपण’चं ‘आम्ही’ होतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. मराठीत गट कुठे संपतो ते क्रियापदाआधीच कळतं. कुणी विचारलं तरी ‘तू कुणाचा?’ असंच विचारतात आणि उत्तर येतं, ‘आर्सेनलचा.’

पुरवणी : मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून रायव्हलरीबद्दल लिहितो. आमच्याकडे त्याला ‘ईर्षा’ म्हणतात. तिथले संघ पेठांतल्या तालमींतून आले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशी नावं सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवर दुमदुमतात. हिंदीत ईर्ष्या म्हणजे जळणं. मराठीत ईर्षेला पेटणं म्हणजे समोरच्याला मागे टाकायच्या जिद्दीनं उतरणं. त्यात समोरच्याची गरज मान्य केलेली असते. पुणे सिटी क्लब 2019 मध्ये बंद पडला आणि मुंबई-पुणे सामन्यांची मजाच गेली. मुंबई सिटीनं पुढे 2020-21 मध्ये इंडियन सुपर लीगची शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळते ती) आणि करंडक दोन्ही जिंकले, पण चिडवायला पुणेकर कुठे होते?

‘वैर’ शब्द राखून ठेवावा. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 जण गेले. त्याला ईर्षा म्हणणं त्या मेलेल्यांवर अन्याय होईल. त्याच दोन क्लबांची 18 ऑगस्ट 2024 ची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांची लढत, रद्द झाली, तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे आपापल्या जर्सी घालून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून मारलेल्या डॉक्टर तरुणीसाठी न्याय मागितला. कोलकात्याच्याच तिसऱ्या क्लबचे, मोहम्मेडनवालेही त्यांच्यात होते. ईर्षा असलेल्यांना असं एकत्र उभं राहता येतं, म्हणून मी दोन्ही शब्द वेगळे ठेवा म्हणतोय.

‘डर्बी’ला मराठी शब्द शोधत बसू नये. तो सगळ्यांच्या तोंडी रुळलाय.