मदत हवी आहे: नसबंदी परत जोडली, पण अँटीस्पर्म अँटीबॉडी (शरीराने आपल्याच शुक्राणूंविरुद्ध बनवलेली प्रथिनं) निघाल्या, स्टिरॉइड घ्यावं का?

मंडळी, विषय खाजगी आहे म्हणून नवा आयडी काढलाय, सांभाळून घ्या. पहिल्या लग्नात मुलं झाल्यावर नसबंदी केली होती, आता दुसरं लग्न झालंय, हिला मूल हवंय (मलाही), म्हणून नस परत जोडून घेतली. शुक्राणूंचा काउंट चांगला आला तरी दिवस काही राहीनात. सगळ्या तपासण्या आधी हिच्याच झाल्या, आपल्याकडे सुरुवात तिथूनच होते ना, तिचं सगळं नॉर्मल. मग माझ्या रिपोर्टात शुक्राणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले दिसले, मार टेस्ट (अँटीबॉडी चिकटलेले शुक्राणू किती ते बघतात) केली तर 86 टक्के, 50 च्या वर गेलं की अँटीबॉडीचा संशय धरतात म्हणे.

डॉक्टर म्हणाले शुक्राणू वयात आल्यावर बनायला लागतात, तोवर आपलं कोण परकं कोण हे शरीराचं ठरून गेलेलं असतं, म्हणून अंडकोषात त्यांना रक्तापासून वेगळं ठेवलेलं असतं, नसबंदीनंतर ते अडकून आतल्या आत झिरपतात आणि शरीर त्यांच्यावरच उठतं. नस जोडली तरी अँटीबॉडी राहू शकतात. इथवर कळलं.

आता एक डॉक्टर म्हणतात काही महिने प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) घ्या, दुसरे म्हणतात थेट इक्सी (टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रकार) करा. माझी शुगर बॉर्डरवर आहे, त्यात स्टिरॉइडने खुब्याचं हाड खराब होऊ शकतं हे वाचून झोप उडालीये. वीर्य धुवून आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) केलं तर चालेल का? इक्सीचा खर्च बघता तेच परवडेल.

प्रतिसाद १: लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, धुण्याने शुक्राणूला घट्ट चिकटलेल्या अँटीबॉडी निघत नाहीत. पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, कुठे चिकटल्यात ते विचारा. फक्त शेपटीच्या टोकाला असतील तर फारसं बिघडत नाही, डोक्याला असतील तर अंड्यात शिरायलाच अडचण.

प्रतिसाद २: शुगर बॉर्डरवर असताना स्टिरॉइड? दादा, मी तर नाही घेणार. फायदा होईलच याची खात्री नाही, त्रास मात्र होऊ शकतो. इक्सीत एकच शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडतात, त्यामुळे चिकटण्याचा प्रश्नच राहत नाही. वहिनींचं वय किती? पस्तिशी ओलांडली असेल तर आययूआयमध्ये फार वेळ घालवू नका.

धागाकर्ता: ३६ चालू आहे. रिपोर्टवर नुसते टक्केच लिहिलेत, उद्या लॅबला फोन करून डोकं की शेपटी ते विचारतो. बायकोही तुमचे दोघांचे प्रतिसाद वाचतेय, ती विचारतेय की इक्सीत तिला इंजेक्शनं किती दिवस घ्यावी लागतात?