विषय: लंडनची जलरंग सोसायटी आणि आपले जलरंग गट

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की लंडनची जलरंग चित्रकारांची ती सोसायटी (आजची रॉयल वॉटरकलर सोसायटी) १८०४ पासून आजवर फक्त जलरंगांनाच धरून राहिली, म्हणून टिकली. पहिला भाग पूर्ण बरोबर नाही. १८०५ चं पहिलं प्रदर्शन गाजलं खरं, पण काही वर्षांत चित्रं खपेनाशी झाली. १८१२ मध्ये संस्था विसर्जित करून नव्याने बांधावी लागली आणि त्यात तैलचित्रांनाही जागा दिली गेली. १८२० मध्ये तैलचित्रं वगळून पुन्हा निव्वळ जलरंग. म्हणजे मोडून, वाट बदलून मग टिकली. आपल्याकडे एखादं वर्ष प्रदर्शन हुकलं की 'गट संपला' म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

दुसरं, अशा गटाचं खरं काम प्रदर्शनापेक्षा एकत्र बसून रंगवण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. जळगावकडे एप्रिलमध्ये बाहेर बसलात तर आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर येईपर्यंत वरची कड वाळलेली असते आणि मधोमध करकरीत रेघ उमटते. पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत यावर कुणी बोलत नाही, तिथे बहुधा तेवढी गरज पडत नसावी. आमच्यातल्या एका जुन्या ड्रॉइंग मास्तरांनी उपाय दाखवला: कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, खाली ओला पंचा अंथरायचा, त्यावर कागद ओलाव्यानेच चिकटवून बसवायचा. मग केळीच्या बागेतला तो उन्हातून गाळलेला पोपटी हिरवा सावकाश, ओल्यात ओला (ओल्या कागदावर ओला रंग) सोडता येतो. कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचाच (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ कागदाचे पोपडे निघतात.