हेलिकॉप्टर पडलं की माणूस धरायचा की कारण?

तापीकाठ (भुसावळ)
१५ जून २०२५ ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ पडलं. सात जण गेले, त्यात यवतमाळकडच्या वणीचं एक कुटुंबही होतं. आमच्या पारावर तेव्हा एकच सूर होता, कुणाला तरी आत टाका. मला हे पटत नाही. नोकरीत असताना मी सभांसाठी तात्पुरते हेलिपॅड आखून घेतलेत. टँकरने पाणी मारायचं, चुन्याने एच काढायचा, काठीला कापड बांधायचं. एकदा सगळं झाल्यावर बाभळीच्या आडून गेलेली विजेची तार दिसली, तीही गुरं चारणाऱ्या पोराला. नकाशात ती नव्हतीच.
२५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून वस्तीत आदळलं. नशिबाने सगळे वाचले. ८ मे २०२५ ला उत्तरकाशीत गंगनानीजवळ सहा जण गेले. प्राथमिक अहवालात निघालं की मुख्य पंखा वरून गेलेल्या फायबर केबलला लागला. माणूस धरला की लोक शांत होतात आणि तार जागच्या जागी राहते.

अमळनेरकर
भाऊ, हाई काही बरोबर नही. तार आपोआप राहत नाही, ती तपासायचं काम कुणाच्या तरी नावावर असतं. गौरीकुंडनंतर पोलिसांनी कंपनीच्या जबाबदारांवर गुन्हा नोंदवला, चांगलंच केलं. ज्याचं घर बसलं त्याला तुम्ही काय सांगणार, 'कारण सापडलं' म्हणून? आमच्याकडे एसटी दरीत गेली तर ड्रायव्हरवर लगेच गुन्हा. हेलिकॉप्टरवाल्यांना वेगळा न्याय का?

तापीकाठ
गुन्हा नोंदवू नका असं मी म्हटलेलं नाही, दादा. पोलीस त्यांचं काम करतील. पण विमान अपघात अन्वेषण ब्युरोची चौकशी वेगळीच ठेवलेली आहे. तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की तिचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच, दोष ठरवणं नाही. मेकॅनिकला वाटलं की आपलं बोलणं उद्या कोर्टात आपल्यावरच उलटणार, तर तो तोंड उघडेल का? मग नट सैल कुठे राहिला हे कळणार कसं?

सातपुडा_चोपडा
मला दोघांचंही अर्धंच पटतं. १६ जुलै २०२१ ला आमच्या तालुक्यात वर्डी शिवारात शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी तरुणी जखमी. पावसापाण्यात झोळी करून तिला डोंगरातून खाली आणली ती गावच्या आदिवासी माणसांनीच. अहवाल इंग्रजीत निघतो आणि दिल्लीच्या संकेतस्थळावर पडून राहतो. ज्यांनी झोळी उचलली त्यांना चार ओळी मराठीत द्यायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी आधी तेच पोचणार आहेत.

शिरपूर_पायवाट
तुम्ही सगळे अपघातानंतरचं बोलताय. मे महिन्यात भरदुपारी जळगाव-भुसावळात हेलिकॉप्टर उतरवायचंच कशाला? जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशेएक मीटरवर. पण पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते की पंख्याला तेराशे मीटरवर उडाल्यासारखं जड जातं. म्हणजे तोरणमाळच्याही वर! त्यात पाच माणसं, सामान आणि भरलेली टाकी. दुपारी बाराच्या पुढे उड्डाण बंद, एवढा एकच नियम करा. माझ्या मते चौकशीचं निम्मं काम तिथेच वाचेल.

अमळनेरकर
सरसकट बंदी नको. जळालेल्या माणसाला दुपारी मुंबईला न्यायचं असेल तर? सभा सकाळी घ्या, हे मान्य. आणि वजनाचं म्हणाल तर पायलट 'एक माणूस उतरवा' म्हणाला की पुढाऱ्याच्या शेजारचा कार्यकर्ता उतरतो का कधी? त्या आग्रहाचंही नाव अहवालात यायला हवं. माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

तापीकाठ
हे मात्र शंभर टक्के खरं. त्या बाभळीआडच्या तारेच्या दिवशी मीही 'चालेल' म्हणून मोकळा होणार होतो, कारण वरून फोनवर फोन येत होते. पायलट उतरल्यावर ती तार त्याला हात करून दाखवली. परत जाताना त्याने दोघांना गाडीने पाठवलं आणि विरुद्ध बाजूने उड्डाण केलं. दबावाचं नाव यावं, मला मान्य. पण पायलटच्या जबाबाला संरक्षण हवं, त्यावर मी ठाम आहे.

सातपुडा_चोपडा
ती तार आता निघाली का, तापीकाठ?

तापीकाठ
नाही. परवाच तिथून गेलो, खांब तसाच आहे.