आप्पांचा डाएट चार्ट एकादशीवरून काढलाय, दुसऱ्या खेपेला काय सांगू?

रंकाळ्याची सून
सासरे ६३ वर्षांचे, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ आली. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथं पहिला प्रश्न, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" काल नेमकी एकादशी! आप्पांनी साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी असं सगळं खरं खरं सांगितलं. त्यावरून चार्ट हातात आला: ओट्स, ब्रोकोली, ब्राऊन राइस. आप्पांनी तो घडी घालून पंचांगात ठेवलाय. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. तीन दिवसांचं लिहून न्यावं म्हटलं तर म्हणतात, "मी काय सोसायटीचा सेक्रेटरी हाय व्हय, वही लिवत बसायला?" काय करू?

लाल माती
वहिनी, चार्ट पंचांगातच राहू दे. भाकरी, झुणका, मेथीची भाजी, सकाळी रंकाळ्याला चक्कर. साखर बंद करून गूळ चालू करा, विषय संपला.

वाटी-चमचा
ताई, मी आहारतज्ज्ञच आहे, इथलीच.

आधी गुळाचं. गुळात बहुतांश साखरच असते. रक्तातल्या साखरेला तो शाहूपुरीच्या अडतीवरनं आलाय की कारखान्यातनं, काही फरक पडत नाही. चक्कर मात्र जरूर मारा.

२४ तासांचं आठवून सांगणं ही पद्धत चांगली आहे. मोठ्या पाहण्यांत तीच वापरतात, कारण तिथं शेकडो माणसांची सरासरी निघते. एका माणसाचं खाणं मात्र एका दिवसावरून ठरवता येत नाही. आणि सोमवारी गेलात तर 'काल' म्हणजे रविवार, मटणाचा वार! म्हणजे एकदा उपास आणि एकदा तांबडा-पांढरा रस्सा, दोन्ही टोकं. म्हणून दोन साधे वार आणि एक सुट्टीचा वार धरतात. आप्पा लिहिणार नाहीत, तर रात्री जेवणानंतर तुम्ही विचारून लिहा. आधी त्यांना मधे न तोडता सांगू द्या. मग वेळेच्या क्रमानं परत फिरा: उठल्यावर काय? बाहेर पडल्यावर? चारला चहाबरोबर काय? मापं सगळ्यात शेवटी.

राहून जातं ते बहुतेक 'जेवण' न वाटणारं. गंगावेशीत कट्ट्यावर उभ्यानं प्यालेलं म्हशीचं दूध, मूठभर भडंग, उसाचा रस, देवळातला प्रसाद. शिवाय मिसळ. सुनेसमोर कुठला सासरा मिसळ कबूल करतो? मी पेशंटशी दहा मिनिटं एकट्याशी बोलते, मग घरच्यांना आत घेते. तुम्हीही तिथं तशी विनंती करा.

वाटीचं म्हणाल तर घरोघरी वेगळी, कुणाची १०० मिलीची तर कुणाची २००ची. तुमची वाटी पाण्यानं भरून मापाच्या कपात ओता, एकदाच. भाकरीचं पीठ थापण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. तेवढं कळलं की पुढचा हिशेब होतो. कुठल्या पदार्थात काय किती असतं याचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते आहेत, त्यात ज्वारीपासून शेंगदाण्यापर्यंत आपलं सगळं सापडतं.

तेल कुणालाच आठवत नाही, म्हणून ते आठवायला सांगूच नये. डबा कधी फोडला, कधी संपला ते कॅलेंडरवर लिहा. समजा पाच लिटर चौघांत महिनाभर गेलं: माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरीच्या आसपास. बाहेरच्या कटावरचा तवंग यात नाही बरं का!

मटण, मिसळ, गोडधोड रोज होत नाही, तीन दिवसांच्या वहीत ते निसटतं. त्यासाठी 'आठवड्यातून किती वेळा, महिन्यातून किती वेळा' अशी वेगळी यादी करायची.

चार्टबद्दल माझं मत विचाराल तर, ज्या घरात ब्रोकोली येत नाही त्या घराला ब्रोकोली लिहून देणं म्हणजे समुपदेशन नव्हे. मी पेशंटला आधी विचारते, काय सुटणार नाही? आप्पा 'रस्सा' म्हणाले तर रस्सा राहू दे. त्याबरोबरचा भात अर्धा होतो का, काकडी-कांदा वाढतो का, त्यावर बोलता येतं. एका खेपेला दोन बदल पुरे. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम तोडू नका, साखर खाली जाऊ शकते.

रंकाळ्याची सून
आज रात्री विचारलं. दूध निघालं, मोठा ग्लास! मिसळीवर "कधीतरी" एवढंच उत्तर. एक शंका: चहा ते बशीत ओतून पितात आणि निम्मा नातवाला देतात. तो कसा धरायचा?

वाटी-चमचा
निम्मा धरा. पण पातेल्यात साखर किती पडते ते आप्पांना नको, चहा करणाऱ्याला विचारा. आणि नातू किती वर्षांचा आहे?