मदत हवी आहे: नावेची ४८ व्होल्टची बॅटरी घाटावर चार्ज करायची आहे. जनरेटर तयार घ्यावा की जुळवावा?

नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. प्रश्न माझ्या मामांच्या नावेचा आहे. नाव महेश्वरला असते.

मामा रोज पहाटे घाटाजवळचं निर्माल्य जाळीने गोळा करतात. पूर्वी नावेला डिझेल इंजिन होतं. पाण्यातली फुलं काढायची आणि मागे तेलाचा तवंग सोडायचा, हे त्यांना पटेना. आम्ही इंदूरकर तर नर्मदाच पितो, जलूदहून चढवलेली. म्हणून गेल्या वर्षी मी आणि मामेभावाने इंजिन उतरवून ३ किलोवॉटची मोटर बसवली. बॅटरी लिथियम फॉस्फेट, १६ सेलची, १०० एएच (अँपिअर-अवर), म्हणजे साधारण ५ युनिट.

एरवी अडचण नाही. नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येणं, दीड तास, तेही सावकाश. त्याला दीडेक युनिट लागतं आणि मग दोन-तीन दिवसांनी बॅटरी घरी नेली तरी चालतं. ओढाताण होते ती नवरात्राच्या विसर्जनापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. दिवसाला चार-पाच तास नाव पाण्यात, वर निर्माल्याचं वजन. आमच्या नावेच्या जागी वीज नाही आणि घर पायऱ्यांच्या वर. ४५ किलोची बॅटरी रोज वर चढवायची आणि मामांचं वय ६६. गेल्या कार्तिकात त्यांची कंबर धरली, तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही. नावेवर सोलर टाकता येत नाही, कारण जाळी ओढायला दोन्ही बाजू मोकळ्या लागतात.

मंडपवाल्याकडून अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर भाड्याने आणून पाहिला. आमचा चार्जर ४० अँपिअरचा, म्हणजे २३०० वॉटच्या आत. तरी जनरेटर गुदमरल्यासारखा आवाज करायचा आणि पाच मिनिटांत ट्रिप. असं का होतं?

मामेभावाचं म्हणणं, जनरेटर नकोच. सियागंजातून साडेपाच हॉर्सपॉवरचं पंपाचं इंजिन आणू, पट्ट्यावर ई-रिक्षाची मोटर फिरवू, पुढे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) लावून सरळ बॅटरीला जोडू. चार्जरचा खर्चही वाचेल. हे जमेल का? कुणी केलं आहे का? बॅटरीला सगळी साठवण गेली आहे, ती जळाली तर पुन्हा घेणं होणार नाही.

प्रतिसाद, बडोद्याहून

ताई, आधी ट्रिपचं सांगतो. ४० अँपिअर गुणिले ५७ व्होल्ट म्हणजे २२८० वॉट बॅटरीत. चार्जर दहाएक टक्के स्वतः खातो, म्हणजे आत अडीच हजार लागले. शिवाय स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी खरोखर कामी येणारा भाग, ०.६५ च्या आसपास असतो. भागाकार करून बघा, जनरेटरवर पावणेचार केव्हीएच्या वर भार पडतो. जनरेटर बिचारा बरोबर होता.

मामेभावाची कल्पना खुळी नाही, मोटर उलटी फिरवली की वीज देतेच. पण तिचा व्होल्टेज फेऱ्यांवर ठरतो आणि लिथियमचा आतला रोध फार कमी. फेरे जरा वाढले की करंट एकदम उसळतो, मोटरची वाइंडिंग तापते. त्याहून वाईट शेवटी होतं. बॅटरी भरली की बीएमएस (बॅटरीतलं राखण करणारं सर्किट) जोडणी तोडतं, भार अचानक जातो, इंजिन पळतं, व्होल्टेज उडी मारतो आणि बीएमएसचे मॉसफेट, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच, त्यात जाऊ शकतात. मधे करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधणारा रेग्युलेटर हवाच. मग वाचलं काय? ट्रकचा अल्टरनेटरही सुचवणार नाही, तो २८ व्होल्टचा आणि कमी फेऱ्यांवर लिथियमला करंट देताना भाजून निघतो.

जनरेटर तयारच घ्या, इन्व्हर्टर प्रकारचा, दोन केव्हीएचा. चार्जर २५ अँपिअरचा, पॉवर फॅक्टर सुधारलेला, ५७.६ व्होल्टला थांबणारा. ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर चुकूनही लावू नका. पूर्ण रिकामी बॅटरी चार तासांच्या वर घेईल, पेट्रोल तीनेक लिटर.

जनरेटर नावेत ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि तिथेच तुमच्या तारा. काठावर, उघड्या जागी ठेवा. घाटावर माणसं ओल्या पायांनी फिरतात, म्हणून आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) लावालच. पण अशा जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो आणि तसं असेल तर आरसीसीबी उडतच नाही. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि मामांना सांगा, वेग सव्वापट केला की तासाला वीज जवळजवळ दुप्पट लागते. परतीला घाई नको.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मामेभावाला फोनवर वाचून दाखवला. बीएमएसचं ऐकून तो गप्प झाला, मग म्हणाला, इंजिनाचा बयाणा अजून दिलेला नाही. मामांची अट एकच, पहाटे आरतीच्या वेळी आवाज नको. दुपारी दोन ते सहा जनरेटर चालवला तर संध्याकाळची फेरी बुडते, रात्री चालवला तर घाटावर झोपलेले परिक्रमावासी. त्यामुळे आता दुसरा प्रश्न. तसलीच दुसरी बॅटरी घेऊन दोन्ही समांतर जोडता येतील का? पहिली वर्षभर वापरलेली आहे.