पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन पुरेसा ठरतो का?

प्रश्न (लघुउद्योजक, भोसरी):
आमच्याकडे वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग तयार होतात. कंत्राटी धरून 28 कामगार आहेत. पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या सी-फ्रेम (पुढून उघड्या) प्रेस जुन्या, पिन क्लचच्या (फिरत्या चाकाला पिनेने जोडणाऱ्या) असून फूट पेडलवर चालतात. आम्ही ज्या कंपनीला माल पुरवतो, तिच्या ऑडिटरने प्रत्येक प्रेसला लाइट कर्टन (हात आड आला की यंत्राला थांबण्याचा इशारा देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवण्याची अट घातली आहे. एवढा खर्च केल्यावर कायद्याचीही पूर्तता होते का, आणि कंत्राटी कामगारांची जबाबदारी ठेकेदाराकडे जाते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (सुरक्षा सल्लागार):
ऑर्डर देण्यापूर्वी थांबावे. पिन क्लच एकदा गुंतला की रॅम (पत्र्यावर खाली येणारा जड भाग) पूर्ण फेरी संपवूनच थांबतो. मधे किरण तुटला तरी त्याला अडवणारे काहीही त्या यंत्रात नसते. लाइट कर्टनचा उपयोग स्ट्रोकच्या (रॅमच्या खाली-वर फेरीच्या) मध्येच थांबू शकणाऱ्या, म्हणजे फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसवरच होतो, आणि तिथेही थांबण्याचा वेळ मोजून, हाताचा वेग सेकंदाला 1600 ते 2000 मिलिमीटर धरून, कर्टन डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) किती लांब ठेवायचा ते ठरवावे लागते. तुमच्या प्रेसना हवा आहे तो बोट आत जाणार नाही इतक्या फटीचा बंदिस्त गार्ड, किंवा तो बंद झाल्याशिवाय क्लच गुंतणारच नाही अशी इंटरलॉकची रचना. याशिवाय पिन, लॅच आणि स्प्रिंग झिजली की पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो, त्यामुळे त्यांची नियमित तपासणी नोंदवहीत असलीच पाहिजे. ऑडिटरला हे लेखी कळवावे. यादीतील चौकोनावर खूण करण्यासाठी निरुपयोगी वस्तू विकत घेणे मला तरी पटत नाही.

उत्तर 2 (कामगार कायद्याचे वकील):
21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी तिची मर्यादा 20 कामगारांची असल्याने तुमचा कारखाना तिच्या कक्षेत येतो. इजा होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि यंत्राला गार्ड असण्याची जबाबदारी त्यावर बसणारा कामगार कोणाच्या हजेरीपत्रकावर आहे यावरून ठरत नाही. कर्तव्यात कसूर होऊन कामगाराला गंभीर शारीरिक इजा झाली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मृत्यू झाल्यास कैद दोन वर्षांपर्यंत किंवा दंड किमान पाच लाख, अथवा दोन्ही. बोटाचे पेर कायमचे जाणे हीदेखील गंभीर इजाच आहे, हे बरेच मालक लक्षात घेत नाहीत.

उत्तर 3 (टूलरूम सुपरवायझर, चाकण):
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मात्र गार्ड बसवल्यानंतर तो महिनाभरात काढून कोपऱ्यात का ठेवला जातो, हेही पाहावे. नगावर प्रोत्साहन भत्ता असेल आणि गार्डमुळे माल घालायला वेळ लागत असेल, तर ऑपरेटर तो काढणारच, आणि महिनाअखेरीस सुपरवायझरही डोळेझाक करतो. म्हणून नगांचे उद्दिष्ट गार्डसह वेळ मोजून नव्याने ठरवावे. शक्य असेल तिथे माल घसरगुंडीवरून आत सोडावा, म्हणजे हात डायजवळ न्यावाच लागणार नाही. डाय बदलताना मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे, फ्लायव्हील (प्रेसचे जड फिरते चाक) पूर्ण थांबू द्यावे आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवावा. स्विच बंद झाल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि तेवढ्या जोरावर एक स्ट्रोक सहज पडतो. कुलपाची किल्ली डाय बसवणाऱ्या सेटरच्याच खिशात असावी, ऑफिसात नव्हे.